कापड आधी आटू द्या

आज दुपारी चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवत असताना 'अतितातडीचे' असे पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर आले. पाच वाजेपर्यंत माहिती हवी होती, म्हणून फळ्यावरचे उदाहरण अर्धवट सोडून मी नोंदवह्या उघडल्या. मुले काही न बोलता बसून राहिली आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

पूर्वी दोन गणवेशांसाठी प्रत्येक मुलामागे ६०० रुपये शाळा व्यवस्थापन समितीकडे येत आणि आमच्या गावातले शिंपीकाका गणवेश शिवून देत. एका वर्षी स्वातंत्र्यदिन जवळ आला, तेव्हा मी त्यांच्यामागे घाईचा लकडा लावला होता. कापड बादलीत भिजत पडले होते. ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, आधी आटू द्या. आज घाई केलीत तर हे पोरांच्या अंगावर आटेल."

धोरणे ठरवणाऱ्यांना हे कोणी सांगायचे? पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून अनिवार्य करणारा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ रोजी निघाला, १७ जूनला त्यातला 'अनिवार्य' हा शब्द जाऊन 'सर्वसाधारणपणे' आला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे जाहीर झाले. जी समिती शेवटी नेमावी लागली, ती आधी नेमली असती तर काय बिघडले असते? सहा वर्षांच्या लेकराने किती भाषा शिकाव्यात, हा प्रश्न काही पुरासारखा रात्रीत दारात आला नव्हता! कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, असे केंद्र शासनाने २०१४ मध्येच ठरवले आहे. मग मुलांच्या शिक्षणाबाबतच एवढी उतावीळ का?

पूर आला, दुष्काळ पडला, तर तातडी हवीच, हे मान्य. दाखल्यासाठी म्हाताऱ्या माणसाला खेटे घालायला लावणे हाही अन्यायच आहे आणि त्यासाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. परंतु दाखला देणे वेगळे आणि लाखो मुलांच्या दिवसाची घडी बदलणे वेगळे. गणवेशाचेही तेच झाले: 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून गणवेश शिवून घेण्याचा अधिकार शाळा व्यवस्थापन समित्यांकडून काढून घेतला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनाच परत दिला.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. त्या वर्षी काकांनी दोन दिवस जास्त घेतले, प्रत्येक मुलाला ओट्यावर उभे करून माप घेतले आणि शिवणीत चांगली दोन बोटे माया ठेवली. त्यातला एक गणवेश माझ्या वर्गातल्या एका मुलीने तीन वर्षे घातला; दर जूनला तिची आई खालची दुमड उसवून तो थोडा लांब करून देत असे.