लिंच स्ट्रीटवरच्या खुणा

४ मे १९७० रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या केंट स्टेट विद्यापीठात चार गोरे विद्यार्थी गोळीबारात मारले गेले, ही घटना जगभर माहीत आहे. त्यानंतर अकराच दिवसांनी मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात जे घडले, ते मात्र खुद्द अमेरिकेतही फार थोड्यांना आठवते, आणि याचे कारण मेलेल्यांचा वर्ण हेच आहे, असे मला वाटते.

१५ मे रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, शहर पोलीस आणि राज्याचे महामार्ग पोलीस अलेक्झांडर हॉल या मुलींच्या वसतिगृहासमोर उभे राहून सुमारे २८ सेकंद गोळ्या झाडत होते. इमारतीला चारशेहून अधिक गोळ्या आणि छर्रे लागले. फिलिप गिब्ज हा २१ वर्षांचा विद्यार्थी, एका लहान मुलाचा बाप, जागीच कोसळला. जेम्स अर्ल ग्रीन अवघा १७ वर्षांचा, शाळकरी. किराणा दुकानातले काम आटोपून घरी निघाला होता आणि रस्त्याच्या पलीकडे, म्हणजे पोलिसांच्या पाठीमागे होता. बारा जण जखमी झाले. वसतिगृहातून कोणी तरी आधी गोळी झाडली, असे पोलिसांनी सांगितले. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने मात्र हा गोळीबार असमर्थनीय ठरवला. तरीही एकाही पोलिसाला शिक्षा झाली नाही.

न्यायालयाने हात झटकल्यावर शिक्षणसंस्थेने काय करावे, याचे उत्तर मला या महाविद्यालयाच्या आवारात सापडते. आवाराच्या मधून जाणारा लिंच स्ट्रीट (अमेरिकी काँग्रेसमध्ये निवडून गेलेल्या जॉन आर. लिंच या कृष्णवर्णीय नेत्याच्या नावाचा) वाहतुकीसाठी बंद व्हावा, ही विद्यार्थ्यांची जुनी मागणी होती, कारण तिथून गाड्या हाकणारे गोरे लोक त्यांना छळत असत. दोन जीव गेल्यावर तो बंद झाला. आज तिथे गिब्ज आणि ग्रीन यांच्या नावाचा चौक आहे आणि वसतिगृहाच्या भिंतीवर गोळ्यांच्या खुणा दिसतात. गिलावा करून त्या बुजवणे सहज शक्य होते. त्या राहू दिल्या, हे मला कोणत्याही निषेधपत्रकाहून मोठे वाटते, कारण रोज वर्गात जाणाऱ्या मुलांना तो पुरावा डोळ्यांनी पाहता येतो.

त्या वर्षीचा पदवीदान समारंभही गोळीबारामुळे रद्द झाला होता. तो अखेर मे २०२१ मध्ये, ५१ वर्षांनी, त्याच चौकात झाला. सत्तरी ओलांडलेल्या पदवीधरांनी झगे चढवले आणि शहराच्या महापौरांनी जाहीर माफी मागितली. हे सारे फार उशिरा झाले, याची चीड मला येतेच. त्या दिवशी गिब्ज आणि ग्रीन या दोघांनाही मरणोत्तर मानद डॉक्टरेट देण्यात आली. ग्रीनने तर या महाविद्यालयात अजून नावही घातले नव्हते. तरी विद्यापीठाने त्याला आपला मानले, याचे मला फार मोल वाटते.