‘ताण हा तुमचा खासगी प्रश्न’ म्हणणाऱ्यांसाठी थोडा कायदा

नोकरदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर सतत फिरत असतो. पाठवणारे बदलतात, सार तेच राहतं: कर्मचाऱ्याच्या मानसिक आरोग्याची जबाबदारी कंपनीवर टाकणारा एकही कायदा भारतात नाही. ऑफर लेटरवर सही केलीत, आता तास कंपनी ठरवेल. मॅनेजर असाल तर बोलायची सोयच नाही. समुपदेशनाची हेल्पलाइन दिली हा कंपनीचा मोठेपणा. कोर्टात गेलात तरी हाती काही लागत नाही, तेव्हा झेपत नसेल तर राजीनामा द्या. त्याखाली ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग लागते. त्यातलं बरंचसं बरोबर नाही.

‘एकही कायदा नाही.’

फक्त कामाच्या ताणासाठी केलेला स्वतंत्र कायदा नाही, हे मान्य. पण व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. तिच्या कलम 6 नुसार, व्यवहार्य असेल तितपत, सुरक्षित आणि आरोग्याला धोका नसलेलं कामाचं वातावरण देणं व ते टिकवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. कारखान्यांवर असं बंधन भोपाळ दुर्घटनेनंतर, 1987 च्या दुरुस्तीने आधीच आलं होतं. आता ते कचेऱ्यांपर्यंत पोचलं.

या ‘आरोग्या’त मन धरायचं का, यावर वाद होणार. संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे, नैराश्य नाही. कंपन्यांचे वकील तिकडेच बोट दाखवतील. पण ती यादी कोणते आजार सरकारला कळवायचे याची आहे, कलम 6 चं कर्तव्य तिच्यापुरतं मर्यादित नाही. शिवाय मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चं कलम 21 उपचारांच्या बाबतीत मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने वागवायला सांगतं. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आरोग्य हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. प्रकरण विद्यार्थ्यांचं होतं, पण कलम सगळ्यांचं आहे. एवढं असताना ‘आरोग्य म्हणजे फक्त हातपाय’ हा युक्तिवाद फार काळ टिकेल असं मला वाटत नाही.

‘सही केलीत, आता तास कंपनीचे.’

हा सगळ्यात धादांत खोटा मुद्दा. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा 10 तासांवर न्यायचं ठरवलं, पण मर्यादा आहेच. वरच्या तासांना दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात. कायद्याला छेद देणारा करार हा भारतीय करार कायद्याच्या कलम 23 खाली रद्दबातल ठरतो, सही कितीही झोकात केलेली असो.

प्रत्यक्षात काय चालतं? हिंजवडीत नाहीतर ऐरोलीत शुक्रवारी संध्याकाळी टाइमशीट भरायची वेळ येते. पोरगी रोज रात्री साडेअकराला लॅपटॉप मिटत असते. टीम लीड मान वर न करता सांगतो, ‘आठ-आठच टाक गं, जास्त टाकलं की क्लायंट विचारतो.’ ती आठ टाकते. पुढे काही झालं तर कंपनीच्या दप्तरी ती आठवड्याला चाळीस तास काम करणारी सुखी बाई असते. कायदा असूनही दिसेनासा होतो तो इथे.

आणि दप्तर तपासतं कोण? जुलै 2024 मध्ये पुण्यातल्या एका बड्या लेखापरीक्षण कंपनीतली 26 वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट गेली. आईच्या पत्रामुळे देशभर चर्चा झाली. त्यानंतर कामगार विभागाच्या पाहणीत निघालं की त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच 2007 पासून नव्हती. संताप करायचा तर या ढिलाईवर करा, कायदा नाही म्हणून नको.

‘मॅनेजरला संरक्षण नाही.’

अर्धसत्य. तासांच्या तरतुदींमधून व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षकीय हुद्दे वगळलेत, हे खरं. पण नव्या संहितेतल्या ‘कर्मचारी’ या व्याख्येत मॅनेजर आणि सुपरवायझरही आहेत, आणि कलम 6 चं कर्तव्य कर्मचाऱ्यांप्रती आहे. बरं, ‘असिस्टंट मॅनेजर’ असं कार्ड छापल्याने कोणी मॅनेजर होत नाही. औद्योगिक विवादांत न्यायालयं हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष काम काय होतं ते बघत आली आहेत.

‘हेल्पलाइन आहे ना!’

असू दे की. तीन माणसांचं काम एकाकडे आणि वर बुधवारी योगा, याला धोका कमी करणं म्हणत नाहीत. आजार झालाच तर अपंग व्यक्ती हक्क कायदा 2016 येतो. त्यात मानसिक आजार हे नमूद अपंगत्व आहे. डिसेंबर 2021 मध्ये रवींदर कुमार धारीवाल यांच्या खटल्यात, केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या अधिकाऱ्याच्या बाबतीत, सर्वोच्च न्यायालयाने मानसिक अपंगत्वाशी निगडित वर्तनावरून शिस्तभंगाची कारवाई करणं हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरवला. लैंगिक छळविरोधी 2013 च्या कायद्यातही भरपाई ठरवताना मानसिक आघात मोजायचा असतो.

‘कोर्टात काही होत नाही.’

फौजदारीत बहुतेकदा होत नाही, हे कबूल करायला हवं. औरंगाबादच्या शिक्षण उपसंचालक कार्यालयातल्या कर्मचाऱ्याच्या आत्महत्येनंतर वरिष्ठावर प्रवृत्त केल्याचा गुन्हा नोंदला गेला. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तो रद्द केला: जास्त काम दिलं एवढ्यावरून गुन्ह्याचा हेतू दिसत नाही. पण तुरुंग हा एकच मार्ग नव्हे. 2012 मध्ये त्याच न्यायालयाने एका ट्रकचालकाच्या कुटुंबाला भरपाई दिली. अपघात झालाच नव्हता. लांब पल्ल्यावर त्याला अस्वस्थ वाटलं, गाडी रस्त्याकडेला लावली, तो कोसळला आणि गेला. कामाच्या ताणाचा संबंध न्यायालयाने मान्य केला. त्याआधी 2006 मध्ये एका क्लीनरच्या वारसांना मात्र नकार मिळाला होता, कारण कामाच्या ताणाचा पुरावा नव्हता.

म्हणून राजीनाम्याआधी संहितेचं कलम 14 वाचा. आरोग्याची व्यवस्था अपुरी असल्याचं मालकापुढे मांडायचा हक्क ते कर्मचाऱ्याला देतं. ईमेल चार ओळींचा पुरे: कोणत्या तारखांना किती वाजेपर्यंत काम केलं, टीममधली किती पदं कधीपासून रिकामी आहेत, डॉक्टरांनी काय लिहून दिलंय, आणि कंपनीने काय बदलावं. प्रत एचआरला, आणि एक स्वतःच्या खासगी पत्त्यावर.