मे आला म्हणून बर्फ जात नसतो

शाळांचे निकाल लागायची वेळ झाली की जळगाव-धुळ्याच्या ट्रेकिंग ग्रुपांमध्ये एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: '१५ मेनंतर हिमालयातले सगळे पास (खिंडी) मोकळे. थोडा बर्फ असलाच तर बुटांना काटे लावा. खालच्या दऱ्यांत जाणं म्हणजे पैसे वाया. आणि बर्फाची एवढीच भीती असेल तर घरचा सातपुडा आहेच, तोरणमाळला टेंट ठोका.' चार वाक्यं आणि चारही गळकी.

आधी तारखेचं. भुसावळच्या फलाटावर ४५ अंशांत सॅक पाठीला लावून उभं असताना आमच्यातलाच एक अहिराणीत म्हणाला होता, 'मे महिनामा बरफ कोठे ऱ्हास भाऊ?' फलाटावर ते पटलंही. पण हजार मीटर चढलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. हिमाचलात सुमारे ४,२७० मीटरवरच्या हामटा खिंडीत दिवसा मऊ झालेला बर्फ रात्री पुन्हा थिजतो. त्यात मार्च-एप्रिलमध्ये उशिरा हिमवृष्टी झाली असेल तर विचारूच नका, ताजा पांढरा बर्फ बहुतेक ऊन परतवूनच लावतो. उत्तरेकडे तोंड असलेला उतार तर दक्षिणेकडच्या उतारापेक्षा कितीतरी उशिरा मोकळा होतो, म्हणून एकाच खिंडीची एक बाजू कोरडी आणि पलीकडची पांढरी असं सर्रास दिसतं. आपल्याकडे मृग लागला तरी शेतकरी ओल बघून पेरतो. इथे मात्र कॅलेंडरवर भरवसा!

जूनचीही हमी नाही. ४ जून २०२४च्या सुमारास उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर हिमवादळात नऊ ट्रेकरांचे जीव गेले.

आता काटे. सकाळच्या टणक बर्फावर ते खरंच उपयोगी, मी स्वतः वापरतो. पण अकरा वाजले की तोच बर्फ भुसभुशीत होतो. मेच्या शेवटी एका खिंडीखाली माझा पाय मांडीपर्यंत आत गेला आणि खालून पाण्याचा आवाज आला. आम्ही ओढ्यावर उभे होतो, वर बर्फाचं छप्पर आणि खालून ते पोखरणारं पाणी. गाईडने काठीने दोनदा ठोकलं, पोकळ आवाज ऐकला आणि काही न बोलता सगळ्यांना मागे वळवलं. अशा ठिकाणी काटे काय करणार?

'खालच्या दऱ्या म्हणजे पैसे वाया' यावर मात्र मला थोडा रागच येतो. हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात गुशैणीहून रोल्लाकडे जाणारी वाट जंगलातून, नदीच्या कडेने जाते. तिथलं ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान २०१४पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. आत जायला परवाना लागतो, तो आधी काढा. गढवालात नागटिब्बा आहे, ३,०२२ मीटरचा, मेमध्ये सहसा कोरडा. तिथे पाठीवर टेंट, शिधा घेऊन दोन-तीन दिवस चाला, मग सांगा ट्रेक झाला की नाही. खालच्या उंचीचा धोका वेगळाच असतो, वणव्याचा. चीडची वाळकी पानं मे-जूनमध्ये भडकतात. जून २०२४मध्ये उत्तराखंडातल्या बिनसर अभयारण्यातल्या आगीत वन विभागाच्या कर्मचाऱ्यांचे जीव गेले. त्यामुळे निघायच्या आठवड्यात गावातल्या होमस्टेवाल्याला फोन करून दोनच गोष्टी विचाराव्यात: धूर आहे का आणि झऱ्याला पाणी आहे का.

राहिला सातपुडा. माझं त्याच्यावर प्रेम आहे, म्हणूनच सांगतो, मेमध्ये नको. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. वर यशवंत तलावाकाठची रात्र सुसह्य असेलही, पण पायथ्यापासून सॅक घेऊन चढायचं तर साग निष्पर्ण, सावली नाही, नाले कोरडे. प्रत्येकाने पाच-सहा लिटर पाणी पाठीवर वाहायचं म्हणजे बॅकपॅकिंग नव्हे, हमाली. दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला लोक रात्रभर डोंगर चढतात, ते दिवस सातपुड्याचे.

'तिकीटं काढली, आता बदलणार कसं?' असंही कोणीतरी म्हणेल. भुसावळ ते दिल्ली गाडी तीच राहते. पुढे कुलूची बस धरायची की डेहराडूनची, हे दिल्लीत उतरेपर्यंत ठरवलं तरी चालतं.