बरोसाच्या शिराझमध्ये मिरी कुणी घातली?

‘ऑस्ट्रेलियन रेड वाइनचं काळं सत्य’ नावाचा मेसेज सध्या घरच्या ग्रुपवर फिरतोय. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरोसा व्हॅलीची शिराझ (त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाची रेड वाइन) म्हणजे एसेन्स, साखर आणि रंग घालून बनवलेलं सरबत, असा त्याचा मथितार्थ. एरवी मी असल्या गोष्टी बघून सोडून देते. पण आतेभावाने तो वाचून भेट आलेली चांगली बाटली न उघडताच परत पाठवली, तेव्हा मात्र राहवेना.

मेसेजमधला पहिला आणि सर्वांत अचाट शोध असा: बाटलीवर ‘काळी मिरी, ब्लॅकबेरी, निलगिरी’ लिहिलेलं असतं, अर्थात ते आत घातलेलं असतं. अहो, ते वासाचं वर्णन आहे, घटकांची यादी नव्हे! आणि मिरीचंच म्हणाल तर उत्तर २००८ मध्येच मिळालंय. ॲडलेडच्या ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी शिराझच्या मिरीसारख्या वासाचं मूळ शोधलं. रोटंडोन नावाचा रेणू. तो द्राक्षाच्या सालीत आपोआप तयार होतो. तोच काळ्या मिरीत असतो आणि आपल्या नागरमोथ्यातही. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करा. त्यातले १६ भाग लिटरभर रेड वाइनमध्ये असले तरी नाकाला कळतात. ह्यासाठी मिरीची पोती कोण ओतत बसेल? गंमत म्हणजे रोटंडोन थंड जागच्या द्राक्षांत जास्त सापडतं. बरोसासारख्या उष्ण खोऱ्यात मिरी मागे पडते आणि पिकलेल्या काळ्या फळांचा वास पुढे येतो. मिसळायचंच असतं तर सगळीकडे सारखंच मिसळलं असतं ना?

त्याच अभ्यासात चाखणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्के लोकांना हा वास चाचणीतल्या सर्वांत जास्त मात्रेतही येत नव्हता. त्यामुळे ‘मला तर मिरी लागली नाही, म्हणजे तज्ज्ञ थापा मारतात’ हा मेसेजमधला टोमणाही तिथेच संपतो.

निलगिरीबाबत मात्र नाइलाजाने थोडं मान्य करावं लागेल. तो वास खरंच बाहेरून येतो. मळ्याच्या कडेला निलगिरीची झाडं असतात, त्यांचं तेल हवेतून द्राक्षांवर बसतं, तोडणीत पानंही मिसळतात. झाडांजवळच्या ओळींतल्या वाइनमध्ये तो जास्त येतो. व्हॅनिला आणि खोबऱ्याची छटाही द्राक्षाची नाही, ओकच्या पिंपाची. पण ह्याला कुणी भेसळ म्हणणार असेल तर बोलणंच खुंटलं.

दुसरा मुद्दा, साखर. अल्कोहोल वाढवायला साखर घालणं ऑस्ट्रेलियात निषिद्ध आहे. ती सवलत युरोपातल्या थंड प्रदेशांना आहे, कारण तिथे द्राक्षं पुरती पिकत नाहीत. बरोसात उलटी डोकेदुखी. उन्हात द्राक्षात इतकी साखर भरते की १५ टक्के अल्कोहोल सहज गाठलं जातं. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून १ टक्का अल्कोहोल. ती साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि तिचं अल्कोहोल करतं. जिभेला गोड वाटतो तो पक्व फळाचा वास आणि अल्कोहोल. काही घालतातच, तर आम्ल! उष्णतेत द्राक्षातलं मॅलिक आम्ल जळून जातं, म्हणून टार्टारिक आम्ल घालून तोल सांभाळतात. कायद्याने चालतं, बाटल्याबाटल्यांत असतं. भेसळ शोधणाऱ्याच्या नजरेतून नेमकं हेच कसं सुटलं?

म्हणूनच असली वाइन पारखताना गोडी मोजत बसू नये. घोट गिळल्यावर अल्कोहोलने घसा जळतो की नाही, आम्लाने तोंडाला पाणी सुटतं की नाही, हिरड्या कोरड्या पाडणारे टॅनिन खरखरीत आहेत की मऊ, ते पाहावं. आणि १६-१८ अंशांवर पाहावं. ह्याहून गरम केलीत तर फक्त अल्कोहोल नाकात जाईल.

मेसेजमधलं ‘ग्लासवर जाड ओघळ म्हणजे ग्लिसरीन’ हेही खोटं. अल्कोहोल उडून पृष्ठताण बदलतो, त्यामुळे ओघळ येतात. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स थॉमसनने १८५५ मध्येच हे सांगितलंय. ग्लास झाकून ठेवा, ओघळ थांबतात. परीक्षक एकाच वाइनला वेगवेगळे गुण देतात, हे मेसेजचं म्हणणं बरोबर. कॅलिफोर्नियातल्या वाइन स्पर्धेवरच्या वाइन-उत्पादक रॉबर्ट हॉजसनच्या २००८ च्या अभ्यासात ते दिसलं. पण त्यातून परीक्षकाची जीभ डळमळीत ठरते, बाटलीत एसेन्स आहे हे ठरत नाही.

शेवटी ‘घरगुती चाचणी’: चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, वाइन निळी-काळी झाली तर रंग कृत्रिम. हे वाचून कपाळावर हात मारला. द्राक्षाच्या सालीतला अँथोसायनिन हा रंगच मुळी आम्लात लाल आणि सोड्यासारख्या अल्कलीत निळसर-हिरवा होतो. म्हणजे अस्सल द्राक्षाची वाइन ह्या चाचणीत हटकून नापास! संशय घ्यायचाच असेल तर सोडा टाकूनही लालभडक राहणाऱ्या वाइनचा घ्या.