सील फोडलंत की संपलात

जुने व्हिडीओ गेम जमवायचं ठरवलंय ना? उत्तम. फक्त सुरू करण्याआधी एक वाईट सवय सोडावी लागेल, ती म्हणजे गेम खेळायची. ह्या सवयीने भलेभले कलेक्टर धुळीला मिळालेत. चांगला मिंट कंडिशनमधला, म्हणजे नवाकोरा डबा हातात येतो, माणूस म्हणतो बघू तरी एक लेव्हल खेळून, आणि प्लास्टिकला नख लावतो. झालं! त्या एका नखाने जेवढं नुकसान होतं तेवढं घराला आग लागूनही होत नाही, घराचा निदान विमा तरी असतो.

पटत नसेल तर आकडे बघा. जुलै २०२१ मध्ये 'सुपर मारिओ ६४' ची एक सीलबंद प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. आता हा गेम दुर्मिळ बिर्मिळ असेल असं वाटत असेल तर तसं काही नाही हां, १९९६ चा गेम, जगभरात कोटीच्या वर प्रती खपल्यात, कुणाकुणाच्या माळ्यावर अजून पडून असतील. दुर्मिळ आहे तो न फोडण्याइतका संयम. ज्या पोरांनी तेव्हा डबा टराटरा फाडला आणि अंगठे सुजेपर्यंत खेळली त्यांना काय मिळालं, तर फक्त मजा. आणि ज्याला तो गेम भेट म्हणून मिळाला, आवडला नाही, आणि कपाटात तसाच विसरला गेला, तो आज दूरदृष्टीचा गुंतवणूकदार. तेव्हा मुलांना शिकवायचंच असेल तर हे शिकवा.

डबा मिळाला की तो ग्रेडिंगला पाठवायचा. तिथली तज्ज्ञ मंडळी गेम चांगला आहे का वाईट ह्या फालतू प्रश्नात पडत नाहीत. ती डब्याचे कोपरे बघतात, कडा बघतात, प्लास्टिकचं आवरण कुठे सैल पडलंय का ते बघतात, आणि मग दहापैकी मार्क देऊन तो डबा जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद करून तुम्हाला परत करतात. त्या १५ लाखवाल्या मारिओला ९.८ मिळाले होते, शिवाय सीलला वेगळे ए प्लस प्लस. हो, सीलला वेगळे मार्क असतात. आपल्याला आयुष्यात कधी ए प्लस प्लस मिळाला नाही आणि इथे एका पारदर्शक कागदाला मिळतो, पण असं मनाला लावून घ्यायचं नाही. आणि ९.८ आणि ९.४ मध्ये नेमका काय फरक ते भिंगातूनही दिसेलच असं नाही, किंमत बघितली की मात्र लगेच दिसतो.

त्याच लिलावात दोन दिवस आधी 'द लेजंड ऑफ झेल्डा' ची सीलबंद प्रत ८ लाख ७० हजार डॉलरला गेली होती, आणि ही माझी सगळ्यात आवडती. का, तर ह्या कॅसेटच्या आत सर्किटवर नाण्याएवढी बॅटरी सोल्डर केलेली असते, गेम जिथपर्यंत खेळला तिथून पुढे सुरू करता यावा म्हणून. बॅटरी म्हटलं की ती कधीतरी मरणारच. आता ह्या डब्यातली, तीसेक वर्षांहून जास्त काळ अंधारात बसलेली बॅटरी जिवंत आहे का गेली, गेली असेल तर नुसतीच गेलीये का गळून सर्किटही घेऊन गेलीये, ते कुणालाच माहीत नाही, घेणाऱ्याला नाही, विकणाऱ्याला नाही, ग्रेड देणाऱ्याला पण नाही. कारण बघायचं तर डबा फोडायला लागेल आणि डबा फोडला की ती चार जुन्या कॅसेटींसारखी एक जुनी कॅसेट. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, इथे तीच मूठ जवळजवळ पावणेनऊ लाखांना गेली, आणि ते पण डॉलर.

आता तुम्ही म्हणाल हे भाव ठरवतं कोण. चांगल्या कलेक्टरने असले प्रश्न विचारायचे नसतात. तरी सांगतो. २०१९ मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स' ची एक प्रत १ लाख १५० डॉलरला गेली, गेमसाठी लाखाच्या वर मोजल्याची मोठी बातमी झाली, आणि ज्या तिघांनी मिळून ती घेतली त्यातला एकजण वरचे दोन्ही डबे लिलावात विकणाऱ्या कंपनीचाच सहसंस्थापक होता. योगायोग. पुढे २०२२ मध्ये ग्रेडिंगवाल्या कंपनीवर अमेरिकेत खटला भरला गेला, भाव मुद्दाम फुगवले असा आरोप होता. भाव फुगवल्याचं बोलणं आधीपासून चालू होतंच आणि कंपन्यांनी ते साफ नाकारलेलंही होतं, तेव्हा आपण निश्चिंत राहायचं आणि पुढची प्रत घ्यायची.

एवढे पैसे नसतील तरी मार्ग आहे. हल्ली एका डब्याचे शेअर पाडून विकतात. एका कंपनीने २०२० मध्ये मारिओची एक प्रत १ लाख ४० हजार डॉलरला घेतली, तिचे हिस्से लोकांना विकले आणि पुढच्याच वर्षी तो डबा २० लाख डॉलरला गेला. म्हणजे खेळता न येणाऱ्या गेमचा, हात लावता न येणारा, कधी डोळ्यांनी न बघितलेला एक कोपरा तुमच्या नावावर. ह्याच्यापेक्षा शुद्ध छंद मला तरी माहीत नाही.

बरं सील्ड परवडत नाही, शेअरही नको, साध्या लूज, म्हणजे डब्याविनाच्या कॅसेटीच घ्यायच्यात, तर मग तुम्हाला डिटेक्टिव्ह व्हायला लागेल. 'पोकेमॉन एमराल्ड' घ्या. ह्याच्या डुप्लिकेट इतक्या आहेत की ओरिजिनल समोर आली तरी तिच्यावरच संशय यावा. आधी लेबल तिरपं धरून उजेडात बघायचं, ओरिजिनलवर दोन आकडे हलके दाबून उमटवलेले असतात, शाईने छापलेले नाहीत, नुसते दाबलेले, त्यामुळे समोरून बघितलं तर दिसतच नाहीत. मग मागचा स्क्रू बघायचा, तीन पात्यांचा असतो, त्यासाठी वेगळा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा. आत सर्किटवर कंपनीचं नाव आहे का, बॅटरी आहे का, सोल्डरिंग कसं आहे, हे सगळं बघून झालं की परत बंद करायचं. ह्या सगळ्यात गेम एकदाही चालू केला नाहीत हे लक्षात आलं का? आता शिकताय. आणि कॅसेट चालेना म्हणून लहानपणासारखी फुंकर मारायला गेलात तर बाकीचे कलेक्टर तुम्हाला वाळीत टाकतील, श्वासातल्या ओलाव्याने पिना गंजतात.

आणि गेम कुठला घ्यायचा हा प्रश्न तर विचारूच नका, चांगला गेम घेणं हा नवशिक्यांचा लक्षणीय दोष आहे. 'स्टेडियम इव्हेंट्स' चं बघा. पायाखाली चटई टाकून जागच्या जागी धावायचं, बस एवढाच गेम, १९८७ चा. निन्टेन्डोने, म्हणजे मारिओवाल्या कंपनीने, त्या चटईचे हक्क घेतले, हा गेम दुकानातून मागे घेतला आणि नाव बदलून 'वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट' म्हणून परत आणला. तीच शर्यत, तीच धाव. नव्या नावाची कॅसेट चिल्लर भावात मिळते आणि जुन्या नावाची घ्यायला घर गहाण टाकावं लागेल. नव्या नावाची घेऊन वर 'काय फरक आहे दोन्हीत' असं म्हणणारा माणूस ह्या छंदात फार टिकत नाही.

अटारीच्या 'ई.टी.' ची तर गंमतच. १९८२ चा गेम, इतका पडला की पुढच्या वर्षी कंपनीने न खपलेला माल अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये आलामोगोर्डो नावाच्या गावाच्या कचरा डेपोत नेऊन पुरला. २०१४ मध्ये लोकांनी तिथे खणलं, कॅसेटी वर काढल्या, आणि गावाने त्या सर्टिफिकेटसकट ऑनलाइन लिलावात विकल्या, लाखभर डॉलर मिळाले. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात, इथे एकतीस लागली, पण फिटले. चेपलेल्या, कुबट वासाच्या कॅसेटी, आणि तो वास म्हणजेच अस्सलपणाचा पुरावा. तेव्हा घरातला कचरा टाकताना जरा विचार करा.

घरात कुणी विचारलंच की हे काय चाललंय, तर सांगायचं मी इतिहास जतन करतोय. हे वाक्य फार उपयोगी आहे कारण त्यात थोडं खरं पण आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका संस्थेने अभ्यास करून सांगितलं की तिथे २०१० च्या आधी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आता बाजारात नवीन मिळतच नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू ह्या आपल्या जुन्या गेम मशीनांचं ऑनलाइन दुकान बंद केलं, म्हणजे तिथे फक्त डिजिटल मिळणाऱ्या गेमांवर पाणी. जतनाची गरज खरंच आहे हो. काही लोक कॅसेटीतला डेटा उतरवून ठेवतात, मॅन्युअल स्कॅन करतात, मेलेल्या बॅटऱ्या बदलून देतात, गळके कपॅसिटर काढून नवे बसवतात, आणि त्यातून एक पैसा मिळत नाही. त्यांच्या नादी लागू नका. आपलं जतन वेगळं, आपण गेम अशा पेटीत ठेवायचा की तो कुणालाच, अगदी आपल्यालाही, परत कधी खेळता येऊ नये.

सगळ्यात चांगली बातमी शेवटी ठेवलीये. २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ ह्या निन्टेन्डोच्या गेम मशीनचे काही गेम डब्यात मिळतात, डब्यात कार्डही असतं, पण त्या कार्डात गेम नसतो, नुसती चावी असते, खरा गेम इंटरनेटवरून डाउनलोड करायचा. लोक उगाच ओरडतायत की सर्व्हर बंद झाला की ह्या कार्डाचं काय करायचं. अरे, आपल्याला पाहिजे तेच तर दिलंय त्यांनी! आत बॅटरी नाही, आत गेम पण नाही, खराब होणार काय, कप्पाळ? दुकानात गेलात की रांगेतला पुढचा डबा उचलू नका, त्याला सगळ्यांचे हात लागलेले असतात, मागून तिसरा चौथा काढा, चारही कोपरे बघा, आवरण कुठे सुटलंय का बघा, आणि ग्रेडिंगचा फॉर्म आत्ताच भरून ठेवा.