अजून चालूच आहे का तुमचं?

मराठी माणूस पहिल्या खेपेला फार उदार असतो. पहिला कवितासंग्रह, पहिलं हॉटेल, पहिली नगरसेवकाची निवडणूक, सगळं तो ‘हौस’ या एका खात्यावर टाकतो आणि मोकळा होतो. आमच्या बँडचा पहिला अल्बम आला तेव्हा काकांनी पेढे वाटले, सोसायटीच्या फळ्यावर खडूने अभिनंदन झळकलं, ऑफिसात मॅनेजर मला मीटिंगमध्ये ‘आमचे रॉकस्टार’ म्हणायला लागले. अल्बम यांपैकी कोणीच ऐकला नव्हता. पण त्यामुळे कौतुकात कुठे खोट आली नाही. उलट ऐकला असता तर आली असती.

दुसरा अल्बम करतोय म्हटल्यावर मात्र फळ्यावर पाण्याच्या टँकरचं वेळापत्रक तसंच राहिलं. जो भेटेल तो विचारायचा, “अजून चालूच आहे का तुमचं?” या प्रश्नाचा सूर जुन्या खोकल्याची चौकशी करावी तसा असतो. बाबांनी तर मुद्द्यालाच हात घातला : “पहिल्यात नक्की काय राहिलं होतं?” याचं उत्तर आम्हा चौघांपैकी कोणाकडेच नव्हतं. गायकाने ‘आम्हाला आमचा आवाज शोधायचाय’ असं सांगून पाहिलं. त्यावर आजी म्हणाली, “गेल्या वेळी तर चांगला तीन गल्ल्या ऐकू येत होता की.”

आम्ही म्हणजे पुण्यातला एक इंडी रॉक बँड. इंडी म्हणजे ज्यांच्यामागे कुठलीही कंपनी नाही आणि मागे लागलेले मात्र बरेच आहेत, असे. मी बेस वाजवतो. हे सांगितलं की समोरचा “म्हणजे गिटार” म्हणतो आणि मी “हो” म्हणतो. वाद घालायचं वय गेलं.

दुसऱ्या अल्बमची पहिली अडचण अशी की गिटारवाल्याने संगीताचा इतिहास वाचलेला आहे. ड्रमरने जरा “आता संपवूया का हे?” म्हटलं की तो मँचेस्टरच्या स्टोन रोझेस या बँडचा दाखला काढायचा. त्यांचा पहिला अल्बम १९८९ मध्ये आला आणि दुसरा यायला १९९४ चा डिसेंबर उजाडला. साडेपाच वर्षं! ड्रमरही कमी नाही. त्याने निर्वाणा हा अमेरिकन बँड पाठ केला. त्या लोकांचा पहिला अल्बम ६०६ डॉलर आणि १७ सेंटमध्ये रेकॉर्ड झाला होता, हे तो सेंटांसकट सांगतो. या दोघांच्या भांडणात आमचं एक गाणं मार्गशीर्षात सुरू होऊन आषाढात संपलं, आणि खर्च ६०६ डॉलरच्या कधीच पुढे निघून गेला होता. त्यातला मोठा वाटा गिटारवाल्याच्या पायाखालच्या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांचा. प्रत्येक पेडल दाबल्यावर काय होतं हे तो तासभर समजावतो. मला सगळ्यांतून फ्रिज सुरू झाल्याचा आवाज ऐकू येतो.

रेकॉर्डिंग आम्ही घरीच करायचं ठरवलं. ड्रमरच्या खोलीच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले. अंड्याच्या ट्रेने आवाज बाहेर जायचा थांबत नाही. आवाज अडवायला वजन लागतं, जाड भिंत लागते. पुठ्ठा फार तर खोलीतला वरचा किणकिणाट थोडा विस्कटतो. हे आम्हाला वरच्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांनी समजावून सांगितलं. ते फिजिक्स शिकवायचे आणि शांतपणे, आकृती काढून तक्रार करतात. मात्र ट्रे लावल्यामुळे कोपऱ्यावरचा अंडेवाला आम्हाला घाऊक गिऱ्हाईक समजायला लागला, एवढा लाभ झाला.

गाणं म्हणायला जागा मिळाली ती आईच्या कपड्यांच्या कपाटात. ही खरोखर उत्तम जागा आहे. चारी बाजूंनी कापड, त्यामुळे आवाज कुठे आदळून परत येत नाही. आमचा गायक व्यवस्था उलथून टाकण्याचं गाणं दोन पैठण्या आणि एका इरकलीच्या मधोमध उभा राहून म्हणायचा. डांबराच्या गोळ्यांनी त्याचे डोळे पाणावायचे आणि वरच्या पट्टीत आवाजाला एक वेगळंच कारुण्य यायचं. मध्येच आई दार उघडून “जरा सरक, मला भिशीला जायचंय” म्हणून एक साडी काढून न्यायची. साडी गेली की आवाज बदलायचा. आमच्या चौथ्या गाण्याचं पहिलं कडवं आणि दुसरं कडवं यांत जो सूक्ष्म फरक आहे, तो त्या साडीचा आहे.

आणि घंटागाडी. सकाळी शांत असतं म्हणून आम्ही सकाळी गायकाला कपाटात घालायचो. नेमकी त्याच वेळी घंटागाडी आपलं गाणं लावत यायची. एके दिवशी गायकाला असा सूर लागला की ड्रमरसारख्या ड्रमरच्या अंगावर काटा आला, आणि शेवटच्या ओळीत खालून कचरा बाहेर आणायचं आवाहन स्पष्ट ऐकू आलं. मिक्सिंग करणाऱ्या, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवणाऱ्या मुलाने त्या पट्टीतला आवाज कापून पाहिला. घंटागाडी गेली, पण जाताना गायकाला घेऊन गेली. पुन्हा तसा सूर लागला नाही तो नाहीच. गायक अजून घंटागाडीच्या ड्रायव्हरशी बोलत नाही. त्या माणसाला अर्थातच याची कल्पना नाही. त्याला वाटतं या घरात ओला-सुका वेगळा करायचा कंटाळा आहे.

मिक्सिंगमध्ये चौघांनीही आपापला आवाज अर्धा डेसिबल वाढवून मागितला. सगळ्यांचा वाढवल्यावर जे होतं तेच राहिलं, फक्त एकूण गोंगाट अर्धा डेसिबलने वाढला. पुढे स्ट्रीमिंगवाले सगळ्यांची गाणी जवळपास एकाच पातळीवर आणून ठेवतात, बऱ्याच ठिकाणी उणे १४ लफ्स ही ती पातळी (लफ्स म्हणजे आवाज कानाला किती मोठा वाटतो याचं माप). म्हणजे तोही वाढीव अर्धा तिथे कापला जाणार. एवढ्यावर दोन जणांचा अबोला झाला होता.

अल्बम आला त्या दिवशी आत्याने तो फोनवर लावला, टेबलावर ठेवला आणि सगळे गोल बसले. तीन गाणी झाल्यावर आत्या म्हणाली, “छान आहे. तू कुठे आहेस यात?”

आता हिला कसं सांगायचं? बेसची सर्वांत जाड तार छेडली की तिचा मूळ सूर निघतो ४१ हर्ट्झच्या आसपास. फोनचा स्पीकर असतो नखाएवढा. तो बिचारा शंभरच्या खाली काही उच्चारूच शकत नाही. म्हणजे ज्या वाद्याने माझी तरुणाई खाल्ली, बोटांना घट्टे पाडले, ते वाद्य आमच्या अख्ख्या खानदानाने आजतागायत ऐकलेलं नाही. बाबांनी शेवटी माझे हेडफोन घातले, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, “हां. मागे काहीतरी गुरगुरतंय.” मी ते पहिलं परीक्षण म्हणून जपून ठेवलंय.

मग दौरा. दौरा म्हटलं की आमच्या घरात अधिकारवाणीने बोलणार ते मामा. मामांनी नाटकांच्या प्रकाशयोजनेवर उभा-आडवा महाराष्ट्र पालथा घातलाय. ते फोन करून विचारायला लागले.

“प्लॅन उघडला का?”

“मामा, आमच्यात प्लॅन नसतो. लोक उभं राहून बघतात.”

“म्हणजे हाउसफुल्ल?”

“नाही, खुर्च्याच नसतात.”

मामा थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, “सामान कोण उचलतं?”

“आम्हीच.”

“आणि वाजवतं कोण?”

“तेही आम्हीच.”

“अरे मग तुम्ही कलावंत की हमाल, ते एकदा ठरवा. आणि जेवणाचं बघा. दौरा पोटावर चालतो.”

हे मात्र शंभर टक्के खरं निघालं. पुणे ते बंगळूर हा रस्ता साधारण ८४० किलोमीटरचा. खंबाटकी, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, हुबळी आणि मग संपतच नाही असा तुमकूरपर्यंतचा पट्टा. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मागची दोन बाकं काढून ड्रम आणि अॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी खोकी, कोंबले होते. कोल्हापूरला मिसळ हवीच, बेळगावला कुंदा हवाच, धारवाडचे पेढे घरच्यांसाठी म्हणून घेतले आणि हावेरीच्या आत संपवले. प्रत्येक मुक्कामाला आम्ही कलेपेक्षा पोटाच्या बाबतीत जास्त समृद्ध होत होतो.

ड्रायव्हरकाका मोठे सज्जन. त्यांच्या पेनड्राइव्हवर सगळी भजनं आणि सगळ्या लावण्या एकाच फोल्डरमध्ये होत्या. कऱ्हाडच्या पुढे गिटारवाल्याने मोठ्या मनाने त्यांना आमचा अल्बम लावून दाखवला. पाचव्या गाण्याच्या शेवटी एक तुकडा आहे, ज्यात त्याने गिटार अॅम्पसमोर धरून मिनिटभर नुसती किंचाळू दिली आहे. पहिल्या अल्बमच्या पुढे आम्ही कुठे गेलो हे सिद्ध करणारा तोच तुकडा. काकांनी त्या मिनिटात गाडी डाव्या बाजूला घेतली, बंद केली, खाली उतरून बॉनेट उघडलं आणि फॅनबेल्ट तपासला. आम्ही सांगेपर्यंत उशीर झाला होता. हात पुसत ते म्हणाले, “साहेब, असं काही असलं तर आधी सांगत जा.” गिटारवाला थेट दावणगेरेपर्यंत खिडकीबाहेर बघत होता.

बंगळूरला जागेचा मालक आम्हाला भेटल्या भेटल्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं लायसन्स दाखवायला घेऊन गेला. त्याचंही बरोबर होतं. तिथे सार्वजनिक करमणुकीबद्दल पोलिसांचा २००५ चा एक आदेश आहे. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये तो कायम केला आणि लायसन्स नसलेल्या कित्येक पबांमधली गाणीच बंद पडली. लायव्ह बँड, कॅबरे आणि डिस्कोथेक एकाच आदेशात बसवलेत. ‘कॅबरे’ हा शब्द ऐकून आमच्या ड्रमरचा, जो आयुष्यात शर्टाचं वरचं बटण उघडं टाकून बाहेर पडलेला नाही, चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पण दौऱ्याचं सार बघायचं असेल तर परतीच्या वाटेवरच्या एका गावात बघायला हवं होतं. नाव सांगत नाही, मालक चांगला माणूस होता. स्टेज म्हणजे पूल टेबल सरकवून केलेली जागा. साउंडचेकला लाइन लावली तर अॅम्पमधून जाड, अखंड घूं. गिटारच्या तारांना हात लावला की घूं बंद, हात काढला की सुरू. जाणकाराला एवढ्यावरून शंका येते की अर्थिंगचा पत्ता नाही आणि तुमच्या शरीरालाच त्या कामावर नेमलंय. मी बोर्डापाशी जाऊन पाहिलं. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये प्लगच नव्हता. दोन उघड्या वायरी होत्या, आणि त्या निसटू नयेत म्हणून काडेपेटीच्या काड्या खोचलेल्या. गुल जागच्या जागी.

“चालतंय की,” मालक म्हणाला, “मागच्या आठवड्यात भजनी मंडळ होतं.”

तेवढ्यात गायक गिटार गळ्यात घालून माईकपाशी गेला आणि ‘चेक’ म्हणाला. ‘चे’ गाण्यात आला, ‘क’ वेगळ्याच पट्टीत. ओठाला बसला होता. एका हाताला तारा, दुसऱ्या टोकाला माईक, मध्ये हा. अशा वेळी जाणते लोक माईकला फोमची टोपी घालतात. आमची टोपी धारवाडला पेढ्यांच्या पिशवीबरोबर गेली होती. शेवटी ड्रमरने बॅगेतून मोजा काढला आणि तो धुतलेला आहे अशी आईची शपथ घेतली. व्यवस्था उलथून टाकण्याचं गाणं त्या रात्री निळ्या-करड्या मोज्यात म्हटलं गेलं. समोर भिंतीवर क्रिकेटची मॅच चालू होती. आमच्या सगळ्यांत हळव्या गाण्यात, जिथे सगळी वाद्यं थांबतात आणि नुसता बेस उरतो, तिथे अख्खं हॉल उठून नाचायला लागलं. मी आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून बघितलं. सिक्स होता.

घरी आलो तेव्हा कमाईचा हिशेब वाट बघत होता. एका मोठ्या स्ट्रीमिंग कंपनीचा २०२४ पासून नियम असा आहे की बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याचे पैसेच नाहीत. आमची दोन गाणी हजाराच्या अलीकडे घुटमळत होती. बाबांनी सूत्रं हातात घेतली. वाजण्याची नोंद तीस सेकंदांनंतर होते हे त्यांनी कुठूनतरी शोधून काढलं आणि भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूचना टाकली : ‘सर्वांनी रोज ऐकावे. पूर्ण ऐकण्याची सक्ती नाही.’ काका बरोबर एकतीस सेकंद ऐकतात आणि अंगठा पाठवतात. आत्या फोन वाजत ठेवून फिरायला जाते. गाणी हजाराच्या पार गेली. जे मिळालं त्यातून धारवाडी पेढ्यांचेही पैसे सुटले नाहीत.

परवा आईने सहज विषय काढला. मामेबहिणीची हळद आहे, लॉनवर. दहाच्या आत आवाज बंद करायचा असल्याने सातला सुरू. मामा म्हणाले आपलीच पोरं आहेत, बाहेरचा डीजे कशाला? अर्थिंग ते स्वतः उभं राहून करून घेतील. सगळी चालीची गाणी वाजवायची. मध्ये आमचं एखादं घुसवलं तरी चालेल, फक्त ते गाडी बिघडल्याचं नको. मानधन आईने कागदावर लिहून दिलं. आकडा अख्ख्या दौऱ्याच्या कमाईपेक्षा मोठा होता, शिवाय जेवण.

गायक म्हणाला, तत्त्वाचा प्रश्न आहे. गिटारवाला म्हणाला, स्टोन रोझेसने असं केलं असतं का? ड्रमरने विचारलं, जेवणात मठ्ठा आहे का, आणि तारीख लिहून घेतली.