रिन्स एडऐवजी व्हिनेगर: एक खुलासा
‘डिशवॉशरच्या रिन्स एडच्या कप्प्यात माडाच्या सुरेचे (म्हणजे नारळाच्या ताडीचे) व्हिनेगर भरा, काम तेच होते’ असा संदेश सध्या गोव्यातल्या घरोघरी फिरत आहे. रिन्स एड म्हणजे भांडी डाग न पडता सुकावीत म्हणून यंत्र शेवटच्या धुण्याच्या पाण्यात सोडते ते द्रव. हा संदेश अर्धाच खरा आहे. व्हिनेगरमधील आम्ल क्षारांचे पांढरे डाग विरघळवते, मात्र पाण्याचा पृष्ठताण कमी करणारे जे घटक रिन्स एडमध्ये असतात आणि ज्यांमुळे पाणी थेंब धरून न राहता काचेवरून पातळ थराने निथळून जाते, ते व्हिनेगरमध्ये नसतात. शिवाय आम्ल कप्प्यात कायम भरून राहिल्यास तिथले रबर कालांतराने खराब होऊ शकते. घरगुती व्हिनेगरच्या बाटलीच्या तळाचा गाळ वेगळाच. भांड्यांचा द्रवसाबण तर कृपया मुळीच घालू नये, कारण यंत्रात फेसच फेस होतो. रिन्स एड संपलेच असेल, तर धुणे आटोपल्यावर दार उघडून वाफ जाऊ द्यावी आणि पेले सुती फडक्याने पुसावेत.